पुसलेली पाटी

बासरी हे वाद्य आपल्या इतके ओळखीचे आहे, की तिला काही इतिहास असेल हे सहसा मनातच येत नाही. मुरली, वेणू, पावा, अलगूज अशी किती नावे आपण तिला दिली आहेत! संतांच्या गवळणींत ती आहे, देवघरातल्या तसबिरीत आहे, आणि जत्रेत उंच काठीला खोचून विकायला आणलेल्या जुडग्यातही ती आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात सुषिर वाद्यांमध्ये 'वंश' या नावाने तिचा विचार केलेला आहे. आणि एवढे असूनही, हिंदुस्थानी संगीताच्या मैफलीत एकटीने पूर्ण राग मांडणारे वाद्य म्हणून तिचे वय शंभर वर्षेही भरत नाही! कृष्णाच्या हातातली म्हणून जिची आपण पूजा केली, तिला मैफलीत मधल्या जागी बसण्यासाठी विसावे शतक निम्मे सरत येईपर्यंत थांबावे लागले.

आज लिहायचे आहे ते पंडित हरिप्रसाद चौरसिया यांच्याविषयी. त्यांच्या वादनावर अधिकाराने लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत, मी त्यांतला नव्हे. माझे आयुष्य शाळेत मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेले, आणि कान जो काही तयार झाला तो रेडिओच्या कृपेने. पण हरिप्रसादांच्या चरित्रात एक प्रसंग असा आहे, की तो कुठल्याही शिक्षकाला विचार करायला लावील. तो सांगायचा आहे. त्यासाठी मात्र थोडे मागून यावे लागेल.

बासरीला मैफलीत एवढा उशीर का झाला, याचे एक कारण तिच्या घडणीतच आहे. सतारीला पडदे असतात, पेटीला पट्ट्या असतात. बासरी म्हणजे एक पोकळ बांबू, फुंकीसाठी एक छिद्र आणि बोटांसाठी सहा. वरची तीन छिद्रे झाकली की षड्ज मिळतो. एकेक बोट उचलत गेले की रिषभ, गंधार येतात. शुद्ध मध्यमासाठी पहिले छिद्र अर्धेच झाकायचे, सगळी मोकळी सोडली की तीव्र मध्यम. आणि पंचमासाठी? पुन्हा सगळी झाकायची आणि फुंक जोराची करायची! म्हणजे मध्यमाकडून पंचमाकडे जाताना सगळी बोटे एकदम पडणार. गाणारा तिथे सहज मींड घेतो, पण बासरीवाल्यापुढे दरी उभी राहते. शिवाय कोमल स्वर म्हणजे छिद्र किती झाकायचे याचा केवळ अंदाज. आणि सगळ्यात मोठी अडचण श्वासाची. सतारिया श्वास घेत असताना त्याची तार वाजत राहते. बासरीवाल्याने श्वास घेतला की बासरी गप्प.

जत्रेतल्या लहान बासरीवर धून वाजते, लोकगीत वाजते, नाटक-सिनेमातला एखादा सुंदर तुकडा वाजतो. पण दरबारी किंवा मालकंसाचा विलंबित आलाप, मंद्र सप्तकातले ते गंभीर स्वर, हे तिच्यावर होणार कसे?

हे कोडे सोडवले पन्नालाल घोष यांनी. जन्म १९११, बारिसालचा, म्हणजे आजच्या बांगलादेशातला. १९४० मध्ये ते मुंबईला आले. 'बसंत' (१९४२) या चित्रपटाला त्यांचे संगीत आहे, आणि त्यांच्या पत्नी पारुल घोष या त्या काळच्या पार्श्वगायिका. गंभीर स्वर हवा तर नळी मोठी हवी, हा विचार करून पन्नालालांनी सुमारे बत्तीस इंच लांबीची बासरी रूढ केली आणि तिला सातवे छिद्र दिले, त्यामुळे मंद्र सप्तकातला तीव्र मध्यम हाती आला. नाव झालेले असताना, १९४७ मध्ये, ते मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँ यांचे शिष्य झाले. पुढे १९५६ मध्ये दिल्लीला आकाशवाणीच्या वाद्यवृंदाची जबाबदारी घेतली आणि १९६० साली, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांचे शिष्य आणि जावई देवेंद्र मुर्डेश्वर यांनी ती परंपरा पुढे नेली.

पन्नालाल गेले त्या वर्षी हरिप्रसाद बावीस वर्षांचे होते, आणि कटकच्या आकाशवाणी केंद्रावर नोकरी करत होते.

हरिप्रसादांचा जन्म १ जुलै १९३८, अलाहाबादचा. घरात गाण्याचा वारसा नाही. वडील पहिलवान, आणि मुलानेही आखाडा गाजवावा ही त्यांची इच्छा. आई लहानपणीच गेली. मुलगा वडिलांच्या धाकाने लाल मातीत उतरायचा आणि त्यांच्या नकळत गाणे शिकायचा. शेजारच्या पंडित राजाराम यांच्याकडे आधी गायन, आणि मग वाराणसीच्या भोलानाथ प्रसन्ना यांच्याकडे बासरी. आपण कुस्तीत काही विशेष नव्हतो, पण त्या कसरतीने जो दमसास दिला तो जन्मभर बासरीला पुरला, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. (गंमत म्हणजे पन्नालालसुद्धा तालीमबाज होते आणि मुष्टियुद्ध खेळत असत. श्वासावर जगणाऱ्या या दोघांचीही पहिली शाळा व्यायामाचीच!)

१९५७ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, हरिप्रसाद कटकच्या केंद्रावर वादक आणि रचनाकार म्हणून रुजू झाले. रेडिओची ती नोकरी हे त्यांचे दुसरे विद्यालय म्हणायला हरकत नाही. भावगीत, भजन, नभोनाट्य, वाद्यवृंद, जे समोर येईल त्यासाठी वाजवायचे आणि चाली बांधायच्या. तिथेच व्हायोलिनवादक भुवनेश्वर मिश्र यांची गाठ पडली आणि दोघांनी 'भुवन-हरी' या नावाने उडिया चित्रपटांना संगीत दिले. पुढे 'शिव-हरी' हे नाव सगळ्या देशाला माहीत झाले, पण नावात 'हरी' असलेली जोडी त्याआधीच ओडिशात होऊन गेली होती. अवतार कौल यांच्या '२७ डाऊन' (१९७४) या हिंदी चित्रपटाचे संगीतही याच दोघांचे.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची मुंबईला बदली झाली. त्या वेळच्या मुंबईत चित्रपटसंगीताचे ध्वनिमुद्रण म्हणजे एक मोठा कारखानाच होता. रोज कुठे ना कुठे वाद्यवृंद बसलेला असे आणि चांगल्या बासरीवाल्याला काम कमी पडत नसे. समोर नोटेशन आले की वाजवायचे. गाण्यात बासरीच्या वाट्याला येतात ती मोजकी सेकंदे, पण त्या सेकंदांत चूक चालत नाही. हरिप्रसाद यात पटकन रुळले. पैसा मिळू लागला, नावही होऊ लागले.

इथे तो प्रसंग येतो.

बाबा अल्लाउद्दीन खाँ यांची कन्या अन्नपूर्णादेवी तेव्हा मुंबईत राहत होत्या. सूरबहार हे त्यांचे वाद्य. त्यांचे वादन ज्यांनी ऐकले ते थोडे भाग्यवान लोक त्याच्याविषयी हळू आवाजात बोलत. पन्नासच्या दशकानंतर त्यांनी जाहीर वादन पूर्ण थांबवले, ध्वनिमुद्रिका काढू दिल्या नाहीत, सभा-समारंभ टाळले. उरले ते शिकवणे. तेही निवडक विद्यार्थ्यांना आणि स्वतःच्या अटींवर. निखिल बॅनर्जींसारखा सतारिया त्यांच्याकडे शिकला, यावरून काय ते समजावे.

हरिप्रसाद त्यांच्या दाराशी गेले. आधी नकार मिळाला. तरीही ते जात राहिले. शेवटी त्या शिकवायला तयार झाल्या, पण आजवर जे शिकलास ते सगळे विसरायची तयारी असेल तर, या अटीवर. ही हकीकत आणखी एका तऱ्हेने सांगितली जाते. आपला निश्चय खरा आहे हे पटवण्यासाठी हरिप्रसादांनी उजवीकडे धरायची बासरी डावीकडे धरली, आणि मगच त्यांनी होकार दिला. आधी अट की आधी हात, हा क्रम कसाही असो. हरिप्रसादांनी हात बदलला ही गोष्ट खरी, आणि तेव्हापासून ते डावीकडे धरूनच वाजवत आले. त्यांचे कुठलेही छायाचित्र काढून पाहा.

याचा अर्थ काय, तो नीट लक्षात घेतला पाहिजे. बासरी उजवीकडे धरली की तोंडाजवळची तीन छिद्रे डाव्या हाताकडे असतात आणि खालची तीन उजव्या हाताकडे. ती डावीकडे फिरवली की सगळे उलटे होते. फुंकीचा कोन बदलतो, मानेचा कल बदलतो, कोणते बोट केव्हा उचलायचे ही इतक्या वर्षांची सवय आता मदतीला येत नाही, उलट आडवी येते. लिहिता येणाऱ्या माणसाने दुसऱ्या हाताने 'ग म भ न' गिरवून पाहावे, म्हणजे कल्पना येईल. आणि हे कोणी करावे? पंचविशी उलटलेल्या, संसार असलेल्या, बासरीवरच पोट असलेल्या माणसाने. उद्या सकाळच्या ध्वनिमुद्रणाला बोट अडखळले तर परवाचे बोलावणे येईलच असे नाही.

आमच्या लहानपणी शाळेत डावखुऱ्या मुलांच्या हातावर छडी बसत असे. माझ्या वर्गातला एक मुलगा डाव्या हाताने इतके सुंदर अक्षर काढायचा, की पाहत राहावे. गुरुजींनी तो हात बंद पाडला. उजव्या हाताने तो लिहायला शिकला, पण पुन्हा तसे अक्षर काही त्याला आले नाही आणि लिहिण्यातली गोडीही गेली. हात बदलणे म्हणजे काय असते हे मी तेव्हा जवळून पाहिले आहे. म्हणूनच हरिप्रसादांच्या गोष्टीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की हात त्यांनी स्वतः बदलला. छडी कोणाचीच नव्हती. सक्तीने हात बदलला तर माणसातले काहीतरी मोडते, आणि आपणहून बदलला तर तोच बदल त्याला घडवतो. वरून दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात.

गुरूने अशी अट घालावी का, असा प्रश्न कोणी विचारील. विचारायलाच हवा. गुरुशिष्य परंपरेच्या नावाखाली आपल्याकडे शिष्यांची उपेक्षा आणि अपमानही पुष्कळ झाले आहेत. प्रत्येक हट्टाला तपश्चर्या म्हणायचे कारण नाही. पण शिक्षकी पेशात इतकी वर्षे काढल्यावर एक गोष्ट मी नक्की सांगू शकतो. कोऱ्या पाटीवर लिहिणे सोपे असते. ज्याला थोडे येते, आणि आपल्याला येते हे ज्याला माहीत आहे, त्याला शिकवणे फार अवघड. त्याच्या सवयी कसलेल्या असतात. नवे सांगितले की तो ते जुन्याच्या शेजारी मांडून ठेवतो, जुने हलवत नाही. अन्नपूर्णादेवींपुढे बसलेला तरुण तर थोडे येणारा नव्हता, तो यशस्वी होता. यशाने पक्की झालेली सवय सोडवणे सगळ्यात कठीण!

शिवाय अन्नपूर्णादेवी बासरी वाजवत नव्हत्या. फुंक कशी मारावी, बोट कुठे ठेवावे, हे त्या दाखवणार नव्हत्याच. त्यांच्याकडून मिळणार होता तो राग, त्याचा स्वभाव, स्वर लावण्याची आणि वाढवण्याची रीत. ते बासरीत कसे उतरवायचे हे शिष्याने शोधायचे. हरिप्रसादांचा आलाप-जोड ऐकताना हे जाणवते. तारवाद्यावर नखीच्या आघाताने जी लय चालते, ती ते फुंकेच्या छोट्या छोट्या आघातांनी चालवतात. बासरीवर जोड-झाला असा वाजू शकतो, हे त्यांच्यामुळे आपल्या कानांच्या सवयीचे झाले. पन्नालाल आणि हरिप्रसाद दोघेही मैहरच्याच झाडाच्या फांद्या, एक बाबांकडून आणि दुसरी त्यांच्या मुलीकडून. पण वाट मात्र वेगळी झाली. पन्नालालांनी वाद्याला सातवे छिद्र दिले. हरिप्रसादांनी सहाच छिद्रांची बासरी ठेवली आणि बदल केला तो स्वतःच्या हातात.

या शिक्षणाच्या काळात त्यांनी चित्रपटाचे काम टाकून संन्यास घेतला, असे मात्र कोणी समजू नये. पाटी पुसणे म्हणजे संसार सोडणे नव्हे. पोटासाठी स्टुडिओ आणि शिकण्यासाठी गुरूचे घर, अशी दोन आयुष्ये ते जगत होते. आणि त्याच सुमारास १९६७ मध्ये एच.एम.व्ही.ने 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका काढली. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेच्या अहिर भैरवापासून नट भैरव, पिलू, भूप, देस करत पहाडीपर्यंत. शिवकुमार शर्मांचे संतूर, ब्रिजभूषण काबरांची गिटार, हरिप्रसादांची बासरी आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. आपल्या लोकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे ही ध्वनिमुद्रिका घडवून आणणारे एच.एम.व्ही.चे अधिकारी होते जी. एन. जोशी. ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' घरोघर पोचवणारे तेच ते भावगीतगायक!

त्या ध्वनिमुद्रिकेतली वाद्ये पाहा. संतूर हे काश्मिरातल्या सूफी गायनाच्या साथीचे, गिटार परदेशातून आलेली, बासरी गुराख्याची. मैफलीच्या पहिल्या रांगेत एकालाही जागा नव्हती. वाजवणारे तिघेही तिशीच्या आतबाहेरचे. ज्यांना बसायला जागा नाही अशा तिघांनी मिळून स्वतःची सतरंजी अंथरली, आणि ती ध्वनिमुद्रिका जगभर ऐकली गेली. पुढच्याच वर्षी, १९६८ च्या सुरुवातीला, बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन मुंबईच्या एच.एम.व्ही. स्टुडिओत हिंदुस्थानी वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण करत होता, त्या वादकांतही हरिप्रसाद होते.

आता त्यांच्यातल्या संगीतकाराविषयी. यश चोप्रांच्या 'सिलसिला' (१९८१) पासून 'शिव-हरी' हे नाव पडद्यावर आले. जावेद अख्तर यांनी गीतकार म्हणून लेखणी उचलली तीही याच चित्रपटासाठी. मग 'फासले' (१९८५), 'विजय' (१९८८), 'चांदनी' (१९८९), 'लम्हे' (१९९१), आणि १९९३ या एकाच वर्षी 'परंपरा', 'डर' आणि 'साहिबाँ'. एकूण आठ चित्रपट, त्यांतले 'साहिबाँ' सोडून सगळे यश चोप्रांचे. 'चांदनी'ची गाणी तर लग्नाच्या मांडवात किती वर्षे वाजत होती. आणि मग हे दोघे थांबले. चालत्या दुकानाला आपणहून कुलूप लावणारी माणसे त्या व्यवसायात किती सापडतील?

शास्त्रीय संगीतातल्या काही सोवळ्या मंडळींना हे चित्रपटाचे प्रकरण खटकत असे. मला ते कधी खटकले नाही. ज्याने तीन मिनिटांच्या गाण्यात आपला तुकडा बसवण्याची शिस्त अंगी बाणवली आहे, त्याला तासाभराच्या रागातही फापटपसारा नको वाटणार. आणि ज्याने एकेका स्वरापाशी बसून राहायला गुरूकडे शिकून घेतले आहे, त्याची चाल उथळ होणार नाही. कटकच्या रेडिओपासून ही दोन्ही कामे त्यांनी एकमेकांच्या शेजारी केली. एकाने दुसऱ्याला बिघडवले असे म्हणायला मला तरी पुरावा दिसत नाही.

मानसन्मान यथाकाल आले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९८४ मध्ये, पद्मभूषण १९९२ मध्ये, पद्मविभूषण २००० मध्ये. नेदरलँडमधल्या रॉटरडॅमच्या संगीत विद्यालयात विश्वसंगीत विभागाचे ते कलासंचालक झाले आणि तिकडच्या गोऱ्या मुलामुलींना त्यांनी बांबूची बासरी शिकवली. २००६ मध्ये मुंबईत आणि २०१० मध्ये भुवनेश्वरला त्यांनी 'वृंदावन गुरुकुल' उभे केले. भुवनेश्वर निवडण्यात ओडिशाचे ऋण फेडण्याचा भाग असावा, असे मला आपले वाटते. पुतणे राकेश चौरसिया त्यांच्याकडेच तयार झाले, आणि २०२४ साली त्यांना झाकीर हुसेन, बेला फ्लेक आणि एडगर मेयर यांच्यासोबत दोन ग्रॅमी मिळाली. अन्नपूर्णादेवी १३ ऑक्टोबर २०१८ रोजी गेल्या. शिवकुमार शर्मा १० मे २०२२ रोजी गेले, आणि 'शिव-हरी'तला शिव निघून गेला.

या सगळ्या यादीत मला पुन्हा पुन्हा थांबायला होते ते अन्नपूर्णादेवींपाशी. त्यांचे वादन आपण ऐकू शकत नाही म्हटले तरी चालेल, इतके थोडे मागे उरले आहे. पण निखिल बॅनर्जी ऐकता येतात, हरिप्रसाद ऐकता येतात. एक सतार, एक बासरी, आणि दोन्हींत तीच शिकवण. शिक्षकाचे असेच असते. आमच्यासारख्या साध्या शाळामास्तरांनी त्यांच्याशी बरोबरी सांगू नये हे खरे, पण जात एकच. आमचे काम आमच्या नावावर राहत नाही. ते कुठे कुठे दुसऱ्यांच्या हातांत, दुसऱ्यांच्या बोलण्यात उमटत असते, आणि पुष्कळदा ते आमचे आहे हे त्यांनाही ठाऊक नसते. हरिप्रसादांनी निदान जिथे संधी मिळाली तिथे गुरूचे नाव घेतले आणि गुरूसाठी बदललेला हात पुन्हा फिरवला नाही.

माझ्या वयाचे लोक नेहमी म्हणतात, आता या वयात नवीन काय शिकायचे. नवीन शिकणे तितके अवघड नाही हो, मोबाइल आम्ही शिकलोच की! अवघड आहे ते जुने बाजूला ठेवणे. आपली मते, आपल्या खोडी, 'आमच्या वेळी असे होते' हे पालुपद... इतकी वर्षे ज्याने काम भागवले ते खाली ठेवून पुन्हा पहिल्या बाकावर जाऊन बसणे. पंचविशी-तिशीतल्या, हाती यश असलेल्या माणसाला ते जमले.

वेळ मिळाला तर एखाद्या रात्री हरिप्रसादांचा कुठलाही विलंबित आलाप लावून डोळे मिटून ऐका. आणि ऐकताना एवढेच आठवा, की ही बोटे एकदा पहिल्यापासून शिकलेली आहेत.